'स्कार'ला मराठीत काय म्हणावं: वण, व्रण की डाग?

चौकस: रुग्णांसाठी एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. विषय हृदयाचा डिफ्यूजन एमआरआय. स्नायूतलं पाणी कुठे किती सरकतं ते यात मोजतात. धडधाकट स्नायूत ते तंतूंच्या दिशेनं जास्त सरकतं, आडवं कमी. ॲटॅकनंतर पेशी मरून तिथे कोलॅजन हे चिवट प्रथिन भरलं की मधली कुंपणं जातात आणि पाणी चहूकडे बरंच मोकळं फिरतं. ती जागा म्हणजे 'स्कार'. मी 'व्रण' लिहिलं. डॉक्टरांनी लाल रेघ मारली, म्हणे व्रण म्हणजे अल्सर. मग 'देवीचे व्रण' कसे चालतात?

कोशकीडा: डॉक्टर बरोबर. संस्कृत व्रण म्हणजे जखम, जठरव्रण आठवा. व्रणाचाच वण झाला. शब्द झिजला तशी जखमही भरली! 'वण' लिहा.

माणदेशी: वण कातडीवर असतो हो. माझ्या आजीच्या कपाळावर उंबऱ्याचा होता, ऊन लागलं की पांढरा पडायचा. काळजाला वण कवितेत.

रात्रपाळी: मी नर्स आहे. वॉर्डात आम्ही 'डाग' म्हणायचो. एका मावशींना "हृदयावर डाग आहे" सांगितलं, तर त्यांनी टीबीच समजून नातवाला आठवडाभर जवळ घेतलं नाही. तेव्हापासून मी 'जुन्या ॲटॅकची खूण' म्हणते.

कोशकीडा: तीन शब्द कशाला, एक असताना? आणि 'डिफ्यूजन' तरी का? शाळेच्या पुस्तकात 'विसरण' आहे.

माणदेशी: माझे वडील 'विसरण तपासणी' वाचून म्हणतील, मला सगळं आठवतंय, मेंदू कशाला तपासता?

कोशकीडा: विसरण 'वि' आणि 'सृ'पासून, पसरणे या अर्थी. विसरणे आलं विस्मरणावरून. दोन्ही वेगळे.

माणदेशी: वडिलांना कळवतो.

चौकस: अहो, मूळ वाक्य असं: गॅडोलिनियमचं (एमआरआयच्या चित्रात फरक ठळक दिसावा म्हणून देतात ते औषध) इंजेक्शन न देताही स्कार दिसू शकतो. किडनी अधू असलेल्यांना हे मोलाचं. धडधडत्या हृदयात पाण्याची काही मायक्रोमीटरची सरक पकडायची, म्हणून अजून बहुतेक संशोधनातच आहे. आता 'जुन्या ॲटॅकची खूण' घेऊ? पण काहींना स्कार ॲटॅकशिवायही होतो, स्नायूच्या सुजेनं.

रात्रपाळी: मग 'रंगाचं इंजेक्शन न देता' एवढं तरी नक्की लिहा, लोकांना तेच कळतं.

कोशकीडा: रंग कसला? गॅडोलिनियमचं औषध पाण्यासारखं असतं!