लातूरहून तीन दिवसांत पुणे-मुंबई-सांगलीची इंजिनिअरिंग कॉलेजं बघून होतील का? मदत हवी आहे

राम राम मंडळी,
लेकीला सीईटीत ९७.८ पर्सेंटाइल आलेत आणि घरात सध्या दोनच विषय, कटऑफ आणि माझी रजा. मी झेडपीच्या शाळेवर आहे, शाळा नुकत्याच सुरू झाल्यात, हेडसरांना कसंबसं मनवून गुरुवार-शुक्रवार मिळवलेत, शनिवारची सकाळची शाळा मैत्रीण सांभाळते म्हणली. रविवारी जाऊन उपयोग नाही, सगळं बंद. हिच्या पप्पांचं खत-बियाणांचं दुकान, पेरणीच्या दिवसात ते काय येत नाहीत, म्हणजे आम्ही दोघी मायलेकीच.

लिस्ट अशी आहे - पुण्याची सीओईपी, पीआयसीटी, कमिन्स, मुंबईचं व्हीजेटीआय आणि सांगलीचं वालचंद. कमिन्स फक्त मुलींचं म्हणून माझ्या मनात वर आहे आणि नेमकं त्याच कारणासाठी तिच्या मनात खाली. पुण्यात नणंद वारज्याला राहते तर मुक्कामाचा प्रश्न नाही, मुंबईत कुणीच नाही.

आता कुणी म्हणेल एवढं फिरायचंच कशाला, ऑनलाइन बघा. तर मागच्या साली भाच्याने वेबसाइटवरचे फोटो बघून एक कॉलेज भरलं (नाव नको), लागल्यावर कळलं की हॉस्टेलला फर्स्ट इयरचा नंबरच लागत नाही, मग तीन महिने कॉट बेसिसवर (खोली नाही, नुसती खाट भाड्याने) एका खोलीत पाच जण, पोरगं दिवाळीला आलं तर ओळखू येईना. त्यामुळे मला बिल्डिंग नाही बघायची, हॉस्टेल, मेस आणि रात्री नऊला गेटबाहेर रस्ता कसा असतो ते बघायचंय.

ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम) भरायला मोजकेच दिवस मिळतात, तेव्हा पळण्यापेक्षा आधीच जाऊन यावं म्हणते. कसं बसवू? आधी पुणे की आधी मुंबई? सांगली त्यातच जमेल का? आणि असं न सांगता गेलं तर गेटवर आत सोडतात का?

*

पेठेतला
ताई, आधी पुणे. बुधवारी रात्रीची ट्रॅव्हल्स धरा, सकाळी नणंदेकडे आंघोळ-चहा करून सीओईपीला, ते शिवाजीनगरलाच. तिथून मेट्रो पकडा, न बदलता थेट स्वारगेट, पुढे धनकवडीला पीआयसीटीसाठी रिक्षा. कमिन्स कर्वेनगरला, वारज्याच्या वाटेवरच, ते संध्याकाळी घरी जाताना, म्हणजे तुम्हाला गेटबाहेरचा रस्ताही हवा त्या वेळी दिसेल.
एक मात्र बघा, पालख्या पुण्यात कधी आहेत. त्या दिवशी संचेती चौक, एफसी रोड, पेठा सगळं बंद असतं, सीओईपी नेमकं त्याच वाटेवर. वारी बघायला यायचं तर जरूर या, कॉलेज बघायला नको.

लोकलवासी
शुक्रवारी सकाळी ७.१५ ची डेक्कन क्वीन, दादरला उतरा आणि तिथून टॅक्सीने व्हीजेटीआय, लांब नाही. परतीला रात्रीची लातूर एक्सप्रेस आहेच (काही दिवस ती पुढे बिदरला जाते, तरी लातूरला थांबते). लॉजचा खर्च वाचला. फक्त जून-जुलै आहे, पाणी तुंबलं तर हिंदमाता, किंग्ज सर्कल हाच पट्टा आधी बुडतो, पायात चप्पल घाला, बूट नको.
आयकार्डाशिवाय गेटवर अडवतात, सीईटीचा स्कोअरकार्ड आणि तुमचं आधार दाखवा, ॲडमिशनची चौकशी करायचीय म्हणा, सोडतात. हॉस्टेलच्या आत मात्र तुमची मुलगी एखाद्या सीनियर मुलीला धरूनच जाईल, तुम्ही बाहेर बसा.

स्पष्टवक्ता
कडू वाटेल पण पाच कॉलेजं बघायची गरजच नाही. ॲडमिशनच्या पहिल्या राउंडला फॉर्मातलं पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं की ऑटो फ्रीझ होतं, म्हणजे तीच सीट पक्की, मग रडून उपयोग नाही, तेव्हा फेरी मारायची ती पहिला नंबर कुणाला द्यायचा एवढ्यासाठी. ९७.८ ला सीओईपीत कॉम्प्युटर विसरा. मग सीओईपीत मिळेल ती ब्रँच की दुसरीकडे हवी ती, हे कॅम्पस बघून कळत नाही, ते घरी बसून ठरवा. अजून एक, बारावी लातूरची म्हणजे तुमचं होम युनिव्हर्सिटी (आपल्या भागाचं विद्यापीठ) नांदेड, पुण्याच्या प्रायव्हेट कॉलेजांचा कटऑफ बघताना अदर दॅन होमचा (बाहेरच्या विद्यापीठाच्या भागातल्या मुलांचा) आकडा बघा, लोक नेमके चुकीच्या रकान्यात बघून खूश होतात.

कृष्णाकाठ
सांगली मध्येच कोंबू नका हो, पुण्याहून जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो. तुमच्याकडून कुर्डुवाडी-पंढरपूरमार्गे मिरजेला सरळ रेल्वेलाईन आहे, पुण्याला जायचंच कशाला. वालचंद विश्रामबागला, मिरजेहून वडाप-बस भरपूर. १९४७ सालचं कॉलेज आहे, झाडी बघून पोरगी हरखेल. आणि राहण्या-खाण्याचा खर्च पुण्या-मुंबईपेक्षा कितीतरी कमी, हे तिच्या पप्पांना आधी सांगा.

लातूरची माय (धागाकर्ती)
सगळ्यांचे आभार! स्पष्टवक्ते, तुमचं वाचून मायलेकीत दोन तास भांडण झालं, पण बरं झालं, तिला ब्रँचच हवीय हे पहिल्यांदा तोंडाने बोलली. मग सीओईपी आता जाता-जाता बघणार, खरा वेळ पीआयसीटी अन् व्हीजेटीआयला. वालचंदची फेरी नंतर, पप्पांची पेरणी उरकली की बापलेक जातील. कमिन्स मी हट्टाने ठेवलंय, वाटेवरच आहे तर बघायला काय जातं.
कालनिर्णय बघितलं, आमचा गुरुवार पालखीच्या आधीचा आहे, सुटलो. आता एकच राहिलं, मेसमध्ये पैसे देऊन पालकांना एक वेळ जेवू देतात का कुठे? जेवल्याशिवाय मेस कळत नाही.