मदत हवी आहे : एलडीएचचा जीन काढला तरी अॅक्टिव्हिटी तेवढीच! (अर्जंट)

घाटावरचा_बॅक्टेरिया
नमस्कार मंडळी. एम.एस्सी. मायक्रो, बेळगाव. सबमिशन तोंडावर आलंय आणि इकडं काहीच जुळेना झालंय. लॅक्टेट डिहायड्रोजनेजचा (एलडीएच, लॅक्टेट आणि पायरुव्हेट यांची अदलाबदल करणारं एन्झाइम) जीन काढलेला म्यूटंट आहे, वाइल्ड टाइपशी (न बदललेल्या मूळ जीवाणूशी) तुलना करालोय. ३४० नॅनोमीटरला (एनएडीएच मोजतात ती तरंगलांबी) दोघांचं रीडिंग सारखंच. लॅक्टेटच्या प्लेटवर पण दोघं मजेत वाढालेत. सर म्हणतात म्यूटंटच खोटा आहे. पण पीसीआरचा बँड बरोबर येतो. काय भानगड आहे? कृपया "पेपर वाच" म्हणू नका, वाचलेत. लवकर सांगा, शेकर परवापासून दुसऱ्या ग्रुपकडं जातोय.

टिळकवाडीचा_जावई
एनएडीएच (एन्झाइमला इलेक्ट्रॉन पुरवणारं रसायन) ताजं बनव. आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये एलडीएचचं रीडिंग बिघडलं की पहिला संशय त्याच्यावरच. सकाळी बनवलेलं दुपारी वापरायचं नाही, बर्फात ठेवायचं. प्रॉब्लेम सॉल्व्ह.

मलप्रभा
जावईबापू, एनएडीएच शिळं असतं तर दोन्ही रीडिंग गडबडली असती, म्यूटंट आणि वाइल्ड टाइप सारखे का दिसतात ते त्यातून कळत नाही.
धागाकर्त्या, जीवाणू कोणता? जीन कोणता? नुसतं "एलडीएच" म्हणून काही उमगत नाही. ई. कोलाय घेतलास तरी त्या एकट्यात लॅक्टेटवर काम करणारी निदान तीन वेगवेगळी डिहायड्रोजनेज आहेत.

घाटावरचा_बॅक्टेरिया
ई. कोलायच की, दुसरं काय असणार. के-१२. म्यूटंट केइओ कलेक्शनमधला (एकेक जीन काढलेल्या ई. कोलायचा तयार संच), काढलेला जीन एलएलडी-डी. कानामायसिनवर वाढतो.

पेप्टाइड_पाटील
मग पोलर इफेक्ट! जीनच्या जागी कॅसेट (कानामायसिन प्रतिकाराचा तुकडा) घुसवली की ऑपेरॉनमधले, म्हणजे एकत्र चालणाऱ्या जीनच्या रांगेतले, पुढचे जीन बंद पडतात. माझ्या पीएचडीत यानं दोन वर्षं खाल्ली. आधी एफएलपीनं (डीएनए कापून जोडणारं एन्झाइम) कॅसेट काढून टाक, मग बोलू.

मलप्रभा
पाटीलसाहेब, ऑपेरॉनचा क्रम पी, आर, डी असा आहे. पी म्हणजे लॅक्टेट आत आणणारी परमीएज, आर म्हणजे रेग्युलेटर आणि डी म्हणजे एन्झाइम. डी शेवटचा. त्याच्यापुढं ऑपेरॉनमध्ये कुणी नाहीच, मग पोलर इफेक्ट कुणावर होणार? आर काढला असता तर तुमची शंका रास्त होती.

पेप्टाइड_पाटील
तरी कॅसेट काढलेली बरी. अनुभव आहे म्हणून सांगतो.

साखरसम्राट_नव्हे_केमिस्ट
लॅक्टेटचा विषय निघालाच आहे तर सांगतो. इकडं अथणी-चिकोडी भागात गळीत हंगामात हाच ताप. ऊस तोडून फडात पडून राहिला की ल्युकोनोस्टॉक हा जीवाणू शिरतो, साखरेचं डेक्स्ट्रान करतो, रस तारेसारखा चिकट होतो आणि शिवाय लॅक्टिक आम्ल. डेक्स्ट्राननं पोल (रसातल्या साखरेचं मोजमाप) खोटा चढतो, मग लॅब आणि शेती खात्याची भांडणं. उपाय एकच, मिल सॅनिटेशन. गरम पाणी, वाफ आणि बायोसाइड वेळच्या वेळी.

घाटावरचा_बॅक्टेरिया
काका, माझा ऊस नाही हो. माझा म्यूटंट आहे.

मलप्रभा
केमिस्टकाकांचं एक मात्र कामाचं आहे. लॅक्टेटचे एल आणि डी असे आरशातल्या प्रतिमेसारखे दोन प्रकार असतात, ल्युकोनोस्टॉकचं डी प्रकारचं असतं. यावरून विचारते, तुझ्या प्लेटमधलं लॅक्टेट कोणतं? आणि ३४० ला सबस्ट्रेट काय घालतोस? वाढवतोस कशात?

घाटावरचा_बॅक्टेरिया
सबस्ट्रेट पायरुव्हेट, सोबत एनएडीएच. बी.एस्सी.ला सशाच्या स्नायूतल्या एलडीएचचं प्रॅक्टिकल होतं, तोच प्रोटोकॉल. वाढवतो एलबीमध्ये (नेहमीचं पोषक माध्यम), रात्रभर, स्क्रू कॅप ट्यूब काठोकाठ भरून. शेकर मिळाला तर शेकर, नाहीतर लाईट गेली की तसंच उभं. लॅक्टेट स्टोअरमधलं, सोडियम लॅक्टेट सिरप ६० टक्के. आत्ता जाऊन बघितलं, मानेवर सगळं चिकट ओघळ आलेलं आहे, लेबल अर्धं गेलंय, पण "डीएल" एवढं वाचता येतं.

मलप्रभा
मग कोडं सुटलं. म्यूटंट खरा आहे, सरांना सांग. तुझ्या दोन्ही चाचण्या त्याला पकडूच शकत नाहीत, आणि दोन्हींची कारणं वेगळी.

३४० चं बघू. एलएलडी-डीला एनएडीशी काही देणंघेणं नाही. त्याच्यात एफएमएन हा सहघटक असतो, ते एन्झाइम मेम्ब्रेनला चिकटून बसतं, एल-लॅक्टेटचं पायरुव्हेट करतं आणि इलेक्ट्रॉन थेट क्विनोनला (श्वसनसाखळीतल्या पुढच्या वाहकाला) देतं. म्हणजे श्वसनाचं एन्झाइम. पायरुव्हेट आणि एनएडीएच घातलंस की तू मोजतोस एलडीएच-ए. ते सायटोप्लाझममधलं, किण्वनाचं एन्झाइम, पायरुव्हेटचं डी-लॅक्टेट करणारं. त्याचा जीन वेगळीकडं आहे आणि तुझ्या म्यूटंटमध्ये शाबूत आहे. त्यात तू काठोकाठ भरलेल्या ट्यूबमध्ये हवा न देता वाढवतोस. हवा नसली आणि माध्यम आंबट झालं की एलडीएच-ए वाढतं. उलट एलएलडी ऑपेरॉनला हवा नसताना आर्क-ए नावाचा रेग्युलेटर दाबून धरतो. म्हणजे जे मोजायचं ते तुझ्या वाइल्ड टाइपमध्येही नावालाच होतं.

प्लेटचं कारण डीएल सिरप, म्हणजे डी आणि एल दोन्ही मिसळलेलं. त्यातल्या डी-लॅक्टेटवर ई. कोलाय डीएलडी नावाच्या तिसऱ्या एन्झाइमच्या जोरावर वाढतो. तेही श्वसनाचंच, पण एफएमएनऐवजी एफएडीवालं. एल काढून घेतलं तरी डी खायला शिल्लक, मग म्यूटंट उपाशी कशाला राहील?

पेप्टाइड_पाटील
मान्य. पण क्रूड एक्स्ट्रॅक्टमध्ये पायरुव्हेट न घालताही एनएडीएच खाली जातं, श्वसनसाखळीतलं एनएडीएच डिहायड्रोजनेज खातं ते. पायरुव्हेटशिवायचा ब्लँक (तुलनेसाठीची कोरी मोजणी) लावलाय का यानं? लावला नसेल तर तो आकडा एलडीएच-एचा म्हणणंही धाडसाचं.

मलप्रभा
हे पटलं. बरोबर मुद्दा.

घाटावरचा_बॅक्टेरिया
ब्लँक पाण्याचा लावतो. मग आता करू काय ते सांगा. आणि सोनिकेशननंतर (आवाजाच्या लहरींनी पेशी फोडल्यावर) १५,००० ला फिरवून पेलेट, म्हणजे तळाचा गाळ, टाकून देतो, ते तर सगळेच करतात ना?

मलप्रभा
सशाच्या एन्झाइमला चालतं, ते पाण्यात विरघळणारं आहे. तुझं एन्झाइम मेम्ब्रेनबरोबर खाली जातं. शुद्ध मेम्ब्रेन हवं तर अल्ट्रासेंट्रिफ्यूज लागतो, १,००,००० जीच्या आसपास. तो नसला तर अडत नाही. हळू फिरवून न फुटलेल्या पेशी तेवढ्या काढ आणि वरचा गढूळ द्रव तसाच वापर.

वाढवायचं एम-९ मध्ये (कार्बन स्रोत आपण घालायचा असं साधं क्षारांचं माध्यम), फ्लास्क पाव भरून, जोरात हलवत. वाइल्ड टाइपला एल-लॅक्टेट हाच एकमेव कार्बन स्रोत चालेल. म्यूटंट त्यावर उपाशी मरेल, म्हणून मोजणीसाठी दोघांनाही सक्सिनेटवर वाढव आणि वरून एल-लॅक्टेट घाल, म्हणजे ऑपेरॉन जागा होईल. एल-लॅक्टेट वेगळी बाटली मागव, लेबलवर एल लिहिलेली.

मोजायचं डीसीपीआयपी या निळ्या रंगद्रव्यानं, ६०० नॅनोमीटरला. निळा रंग इलेक्ट्रॉन घेतला की उडतो. मध्ये दुवा म्हणून पीएमएस, म्हणजे फेनाझीन मेथोसल्फेट. ते उजेडात खराब होतं, ट्यूबला फॉइल गुंडाळ. एकदा लॅक्टेटशिवाय आणि एकदा लॅक्टेटसह, दोन्ही दर काढून वजाबाकी कर. जुने पेपर शोधताना "एलसीटी" नावानंही शोध, १९९३ च्या पेपरात याच तीन जीनचं वर्णन त्या नावानं आहे.

टिळकवाडीचा_जावई
सायनाइड विसरलात. साखळीतून इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडं निसटू नयेत म्हणून पोटॅशियम सायनाइड घालतात, पुस्तकात आहे.

मलप्रभा
घालतात. पण एम.एस्सी.च्या पोराला, फ्युमहूड चालतो की नाही हे माहीत नसताना, सायनाइड घाल म्हणून सांगू नका. आम्लात पडलं तर वायू सुटतो. तुलनेच्या कामाला ब्लँकची वजाबाकी पुरते.

टिळकवाडीचा_जावई
मी फक्त पुस्तकात काय आहे ते सांगितलं.

नियामक
वाद आवरा. आणि उसाच्या रसाची चर्चा वेगळ्या धाग्यावर.

साखरसम्राट_नव्हे_केमिस्ट
शिळ्या उसाच्या रसात एल आणि डी वेगळं मोजायची सोपी किट कुठं मिळते, तेवढं कुणी सांगा, मग जातो.

घाटावरचा_बॅक्टेरिया
अपडेट. एल-लॅक्टेटची बाटली कोल्हापूरच्या एका मित्राच्या लॅबमधून आणली, केएसटीनं (कर्नाटकच्या एसटी बसनं). पीएमएस आमच्याकडंच फ्रीजच्या तळाला सापडलं. वाइल्ड टाइपच्या क्युव्हेटमधला निळा रंग डोळ्यांदेखत फिका होत गेला, म्यूटंटचा तसाच गडद राहिला. डी-लॅक्टेटला दोघांचाही उडाला. प्लेटवरही एलवर फक्त वाइल्ड टाइप. मलप्रभाताई, लॅक्टेट न घालता पण म्यूटंटमध्ये थोडा थोडा रंग जातोय, ते काय?

मलप्रभा
क्रूड एक्स्ट्रॅक्टमध्ये इतरही सबस्ट्रेट असतात, त्यांचे इलेक्ट्रॉन. तीच तुझी वजाबाकी. डी-लॅक्टेटचा निकाल सांभाळून ठेव, तो चांगला कंट्रोल आहे. मेम्ब्रेन आणि रंग दोन्ही ठीक होते, गेलं ते फक्त एलचं एन्झाइम, हे त्यातून दिसतं.

घाटावरचा_बॅक्टेरिया
सरांना दाखवलं. म्हणाले, आता जीन परत घालून दाखव.

पेप्टाइड_पाटील
ते कधी ना कधी येणारच होतं. आस्का कलेक्शनचा (ई. कोलायचे एकेक जीन प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या वेगळ्या छोट्या वर्तुळावर, घातलेला संच) क्लोन मिळव. तो क्लोरॅम्फेनिकॉलवर निवडतात, तुझा म्यूटंट कानामायसिनवर, त्यामुळं एकमेकांत आडवे येत नाहीत. कॅसेट काढायची गरज नाही.

मलप्रभा
पाटीलसाहेबांनी कॅसेट ठेवायला सांगितली, नोंद घ्यावी. आयपीटीजी (प्लाझ्मिडवरचा जीन चालू करणारं रसायन) मात्र बेतानं घाल. मेम्ब्रेनचं प्रथिन भरमसाठ बनवलं तर पेशीच नीट वाढत नाहीत, मग वाढीची तुलना परत फसते. थोड्यापासून सुरू कर, आणि रिकाम्या प्लाझ्मिडचा म्यूटंट शेजारी ठेव.