१४ बिट म्हणजे कमी दर्जा नव्हे

जुन्या सीडी प्लेअरवरच्या या चर्चेत कोणीतरी म्हटलंय की फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरमध्ये, म्हणजे सीडी १०० मध्ये, डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारी चिप) १४ बिटचाच, तेव्हा आवाज उणा असणारच. अजिबात पटत नाही. त्यात ४४.१ किलोहर्ट्झचा सिग्नल चौपट ओव्हरसॅम्पलिंगने (मधले नमुने हिशोबाने भरून) १७६.४ वर नेत आणि नॉइज शेपिंगने बराचसा गोंगाट ऐकू येणाऱ्या पट्ट्याबाहेर ढकलत. प्रत्यक्षात काम १६ बिटच्या तोडीचं होई. शिवाय डाव्या-उजव्या चॅनलला वेगळा डॅक. १९८२ च्या सोनी सीडीपी-१०१ मध्ये १६ बिट होते खरे, पण एकच डॅक दोन्ही चॅनल आळीपाळीने सांभाळायचा.

प्री-एम्फसिसचा विषय मात्र कोणीच काढला नाही. ऐंशीच्या दशकातल्या काही सीडींवर, त्यातही जपानमध्ये छापलेल्यांवर, ट्रेबल (उंच सूर) मुद्दाम उचलून भरलेला असतो. प्लेअर डिस्कवरची खूण वाचून तो परत खाली आणतो. कॉम्प्युटरवर रिप करताना, म्हणजे सीडीची फाइल बनवताना, ही खूण बहुतेक वेळा हरवते. माझ्याकडच्या अशाच एका सीडीच्या फाइलमध्ये व्हायोलिन कानाला टोचतं; जुन्या प्लेअरवर तेच इतकं भरीव वाजतं की उठवत नाही. फाइल आणि जुना प्लेअर यांची तुलना करणाऱ्यांनी आधी आपली डिस्क या जातीची आहे का, एवढं जरूर तपासावं.