रुग्णालयातील चित्रप्रदर्शनाने आजाराकडे पाहण्याची दृष्टी बदलते का?

प्रश्न: रुग्णालयाच्या भिंतींवर अपंग कलावंतांची चित्रे लावल्याने आजाराविषयीचा संकोच खरोखर कमी होतो, की ती केवळ सजावट ठरते?

उत्तर १: ते मांडणीवर अवलंबून आहे. १९२५ च्या बस अपघातानंतर अंथरुणाला खिळलेल्या मेक्सिकन चित्रकार फ्रीडा काहलो यांनी पलंगावर बसवलेल्या आरशात पाहून स्वतःला रंगवले. तेथे रुग्ण दयेचा विषय राहत नाही, तोच पाहणारा होतो. चित्राखाली मात्र निदान आधी आणि नाव नंतर लिहिले, की मुसळ केरात!

उत्तर २: सहमत. शिवाय चित्रे उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर टांगली, तर चाकाच्या खुर्चीतून काचेवरची दिव्याची तिरीप तेवढी दिसते.

प्रश्नकर्ता: उंचीचा मुद्दा सुचलाच नव्हता, सुदैवाने खिळे अजून ठोकायचे आहेत.