कॉकनी रायमिंग स्लँगचं लॉजिक कोणी समजावून सांगेल का?

ईस्टहॅमकर: नमस्कार मंडळी, लंडनला येऊन थोडेच महिने झालेत, साइटवर एक साठीचे गृहस्थ आहेत, अस्सल कॉकनी, म्हणजे पूर्व लंडनमधल्या ईस्ट एंडचे, स्वभावाने एकदम भले पण बोलणं निम्मं डोक्यावरून जातं. परवा ड्रॉइंग पुढे करून म्हणाले 'हॅव अ बुचर्स', आता यात खाटकाचा काय संबंध? वर आणि 'यूज युअर लोफ, सन'. हे लोक अजून खरंच रोज असं बोलतात का?

शब्दवेडी: बोलतात की! यमक जुळणारी जोडी घ्यायची आणि मग जुळणारा शब्दच गाळून टाकायचा, सगळी मजा तिथे आहे. 'लुक'ला जुळतं 'बुचर्स हुक', हुक गेला, राहिलं बुचर्स. 'हेड'ला 'लोफ ऑफ ब्रेड', त्यातलं फक्त लोफ, म्हणजे ते म्हणत होते डोकं चालव. त्यामुळे तर्काने काही कळत नाही, कानावरून गेलेलंच असावं लागतं. पण सगळे तुटत नाहीत हां, टी लीफ म्हणजे चोर आणि ब्राउन ब्रेड म्हणजे मेलेला, हे आख्खेच म्हणतात.

जुनी_वही: ही चोरांची गुप्त भाषा होती असं लोक छातीठोकपणे सांगतात, मला ते पटत नाही. हॉटनच्या १८५९ च्या स्लँगकोशात याची वेगळी यादी आहे आणि तिथे ती रस्त्यावर गाणी म्हणत, बडबड करत कागद विकणाऱ्यांची बोली म्हणून दिलीये, त्यात मध्य लंडनमधल्या सेव्हन डायल्सचं नाव येतं, जे ईस्ट एंडमध्ये नाहीच. आणि भर अजून पडतेय, करीला 'रुबी' म्हणतात ते १९५० च्या दशकातली बेलफास्टची गायिका रुबी मरे हिच्यावरून, दहाच्या नोटेला म्हणजे टेनरला 'आयर्टन सेना', तो फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर.

बेथनल_ग्रीनची_सून: सासरे जन्मापासून इथलेच, पण जिन्याला 'ॲपल्स अँड पेअर्स' म्हणताना मी त्यांना एकदाही ऐकलं नाही, ते पुस्तकातच जास्त. खरे चालतात ते छोटे, थाप मारली की पोर्कीज (पोर्की पाइज, लाइज), केस कापले की 'नाइस बार्नेट', ते बार्नेटच्या जत्रेवरून, फेअर आणि हेअर. सूट घातलास तर 'नाइस व्हिसल' ऐकशील, व्हिसल अँड फ्लूट. फक्त 'बर्क' जपून, मूर्ख म्हणून सर्रास म्हणतात पण त्यामागचं यमक फार घाणेरडं आहे, सासूबाईंसमोर मी तरी म्हणणार नाही. आणि लगेच स्वतः बोलायला जाऊ नकोस, ओढूनताणून आणलेलं त्यांना पटकन कळतं, आधी नुसतं ऐक.

ईस्टहॅमकर: खूप आभार सगळ्यांचे! अजून एक, आज विचारत होते 'ऑन युअर टॉड?'

शब्दवेडी: एकटाच आहेस का, असं. टॉड स्लोन नावाचा अमेरिकन जॉकी होता, स्लोन आणि ओन. त्यांच्याबरोबर जेवायला बस, विचारतायत ते.