मदत हवी आहे: होव्हरवर काही एसव्हीजी आयकॉनचा रंग बदलतो, काहींचा नाही

नमस्कार मंडळी,
वेबसाइटच्या मेन्यूत पाच आयकॉन आहेत, सगळे एसव्हीजी (कोडने काढलेली चित्रं). माउस नेला की (म्हणजे होव्हरला) राखाडीचे निळे व्हावेत, एवढंच हवंय. आधी इमेज टॅगमधून घेतले होते, तेव्हा काहीच झालं नाही. मग कोड थेट एचटीएमएलमध्ये टाकला आणि होव्हरला एसव्हीजीवर निळा फिल (आत भरायचा रंग) दिला. तीन बदलतात, पण घंटा आणि गिअर ढिम्म! इम्पॉर्टंट (नियमाला जादा जोर देणारा शब्द) लावूनही तेच. कालपासून डोकं लावतेय. नेमकं कुठे अडतंय?

प्रतिसाद:
इमेज टॅगमधला एसव्हीजी म्हणजे वेगळा दस्तऐवज, पानाची सीएसएस (रंगरूपाचे नियम) त्याच्या आत पोचत नाही. तेव्हा इनलाइन केलंत, म्हणजे कोड थेट पानात घातलात, ते बरोबर. आता घंटेचा पाथ (आकार काढणारा टॅग) बघा. त्यावर फिल="#६६६" असं काही असणार. तुम्ही रंग एसव्हीजीला देताय, पाथला तो वारशाने मिळतो. पाथचा स्वतःचा रंग असला की वारशाचा बाजूला पडतो, आणि इम्पॉर्टंटने वारशाचा जोर वाढत नाही. पाथवर फिल="करंटकलर" (म्हणजे अक्षरांचा जो रंग तोच) करा आणि होव्हरला लिंकचा कलर बदला. शेजारची अक्षरंही सोबत निळी होतील. होव्हर पाथवर मात्र लावू नका. रेषांमधल्या मोकळ्या जागेत माउस गेला की रंग लुकलुकतो.

धागाकर्ती:
घंटा झाली, मनापासून आभार! गिअरचा मात्र भरीव निळा गोळा झालाय.

प्रतिसाद:
तो रेषांनी काढलेला आयकॉन आहे. आधी तिथे फिल="नन" (आत रंग नाही) असेल, ते परत ठेवा. करंटकलर स्ट्रोकला (रेषेच्या रंगाला) द्या.

दुसरा प्रतिसाद:
एसव्हीजीची फाइल पानाबाहेरच ठेवायची असेल तर मास्क (आकाराचा साचा) वापरा. रिकाम्या स्पॅन टॅगला रुंदी-उंची, मास्क-इमेजमध्ये फाइल, बॅकग्राउंड-कलरला करंटकलर. फाइलचा फक्त आकार घेतला जातो, रंग पानाचा. दोनरंगी आयकॉनला हे चालत नाही. आणि पान डबल-क्लिकने उघडून तपासू नका, मास्कच्या फाइलला कॉर्सचे (दुसरीकडची फाइल वापरू द्यायची की नाही, याचे ब्राउझरचे) नियम लागतात. लोकल सर्व्हर (आपल्याच संगणकावरचा) चालू करून बघा.
एक कळकळीची विनंती, होव्हरचा रंग फोकस-व्हिजिबललाही (कीबोर्डने लिंकवर आल्यावरच्या अवस्थेलाही) द्या. टॅब दाबत मेन्यूतून फिरणाऱ्याला आपण कुठे आहोत ते दिसायला हवं.

धागाकर्ती:
गिअरही निळा झाला! फोकसचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आत्ताच घालते. पाचही आयकॉन इनलाइनच ठेवतेय.