सोलमधला हानोक कॅफे: आईला जमेल का?

प्रश्न: आईचे गुडघे दुखतात, मांडी घालून बसता येत नाही. सोलच्या इक्सॉन-दोंग भागातल्या हानोक कॅफेत (म्हणजे जुन्या कोरियन पद्धतीच्या घरातल्या कॅफेत) नेऊ का?

उत्तर १: न्या की! फक्त खुर्च्या आहेत का, ते आधी फोटोंत बघा. मेट्रोचं स्टेशन जोंगनो ३-गा. गल्ल्या अगदी अरुंद. रस्त्यासाठी नेव्हर मॅप (Naver Map, कोरियातलं नकाशाचं अ‍ॅप) घ्या.

उत्तर २: ओंदोल म्हणजे खालून तापवलेली जमीन, तिथे चपला बाहेर. उंबऱ्यावर पाय न देता तो ओलांडायचा; आईंचा हात धरा. दारं ठेंगणी, डोकं आपटतं. बहुतेक ठिकाणी माणशी एक पेय घ्यावंच लागतं. ओमिजा हे बेरीचं पेय, आंबटगोड. सांगह्वाछा हा औषधी वनस्पतींचा चहा, कडवट, त्यात अनेकदा अंड्याचा बलक घालतात. शाकाहारी असाल तर आधीच सांगा.

उत्तर ३: पुढे बुकचोन या हानोक घरांच्या वस्तीत गेलात तर तिथल्या लाल पट्ट्यात (पर्यटकांवर वेळेचं बंधन असलेला ‘रेड झोन’) सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढ्याच वेळात फिरा, नाहीतर १ लाख वॉन दंड. तिथे लोक राहतात, आवाज हळू ठेवा.